मदत हवी आहे: इंग्लंडमधील विद्यार्थी कर्ज आधीच फेडावे की पगारातून कापू द्यावे?

नमस्कार.

माझी धाकटी बहीण बऱ्याच वर्षांपासून इंग्लंडमध्ये स्थायिक आहे. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सप्टेंबर २०२५ पासून तिथल्या एका विद्यापीठात तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला आहे. तो ब्रिटिश नागरिक असल्यामुळे फीसाठी आणि राहण्याजेवणासाठी त्याला सरकारी विद्यार्थी कर्ज मिळाले आहे. इकडे दादरला आमच्या वडिलांच्या इमारतीचा पुनर्विकास होत असून, बिल्डरकडून मिळालेल्या कॉर्पसमधून नातवाचे कर्ज फेडून टाकावे, असा बाबांचा आग्रह आहे. आपल्या घरात डोक्यावर कर्ज घेऊन कोणी नोकरीला लागलेले नाही, हे त्यांचे ठरलेले वाक्य. बहिणीचे म्हणणे असे की हे कर्ज तसले नाही, घाई करू नका. मी सरकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो असल्याने निकाल माझ्यावर सोपवला गेला आहे, आणि माझ्या नोकरीतल्या अनुभवाचा इथे फारसा उपयोग होत नाही, ही अडचण आहे.

आपल्याकडचे शैक्षणिक कर्ज मला ठाऊक आहे. अभ्यासक्रम आणि त्यापुढे साधारण वर्षभर मोरॅटोरियम, म्हणजे हप्त्यापासून सूट, मग ठरलेला हप्ता. मुलाला नोकरी लागो वा न लागो, हप्ता थकला की सहकर्जदार वडिलांना फोन आणि सिबिलवर डाग. इंग्लंडच्या पद्धतीत हप्ता कर्जाच्या रकमेवरून ठरतच नाही, तो पगारावरून ठरतो. भाच्याचे कर्ज तिथे ‘प्लॅन ५’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात येते, जो ऑगस्ट २०२३ पासून अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांना लागू आहे. त्यात वर्षाला २५,००० पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर काहीही कापले जात नाही आणि त्यावरच्या रकमेचे ९ टक्के कापले जातात. पगार ३३,००० पौंड असेल, तर वरच्या ८,००० चे ९ टक्के म्हणजे वर्षाला ७२०, महिन्याला ६० पौंड. ही वजावट आयकराबरोबर मालकच करतो. भाचा २०२८ च्या उन्हाळ्यात पदवीधर झाला, तर वजावटीला सुरुवात एप्रिल २०२९ मध्ये होईल आणि तिथून ४० वर्षांनी, म्हणजे २०६९ मध्ये, जे काही शिल्लक असेल ते माफ होईल.

मला खटकते ते व्याज. या कर्जावर तिथल्या किरकोळ महागाई निर्देशांकाइतके व्याज लागते आणि २०२५-२६ साठी तो दर ३.२ टक्के आहे. पदवी मिळेपर्यंत बाकी ५०,००० पौंड झाली असे धरले, तर वर्षाचे व्याज १,६०० पौंड होते आणि ३३,००० पगारावर कपात होते फक्त ७२० ची. म्हणजे मुलगा नियमित फेड करत असूनही बाकी वाढत जाणार. माझ्या हिशेबाने पगार सुमारे ४२,८०० पौंडांवर जाईपर्यंत मुद्दलाला हातच लागत नाही. आमच्या शाखेत असे खाते दिसले असते, तर त्यावर लाल शेरा पडला असता.

तेव्हा माझी विचारणा अशी आहे, की संपूर्ण नोकरीच्या काळाचा विचार करता आजच पैसे भरून टाकण्यात खरोखर काही वाचते का, मधे नोकरी सुटली किंवा संसारासाठी काही वर्षे घरी बसावे लागले तर काय होते, आणि उद्या हा मुलगा मुंबईत येऊन काम करू लागला (त्याची तशी इच्छा आहे, आईला ठाऊक नाही) तर हे कर्ज त्याच्या मागे येते का. तिथे राहिलेल्या किंवा मुलांना तिथे शिकवलेल्या कोणी समजावून सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद

काका, वाढती बाकी पाहून दचकू नका. माझे स्वतःचे कर्ज याच पद्धतीच्या जुन्या प्रकारातले, प्लॅन २ चे आहे. त्यात व्याज महागाईपेक्षा ३ टक्क्यांपर्यंत जास्त असू शकते आणि माफी ३० वर्षांनी होते, त्यामुळे माझी आकडेमोड तुमच्या भाच्यासारखी नाही. त्याचे व्याज महागाईइतकेच असल्याने आजच्या किमतीत मोजले तर त्याची बाकी वाढतच नाही. शिवाय २५,००० ची मर्यादाही एप्रिल २०२७ नंतर महागाईबरोबर वाढवण्याचे सरकारी धोरण असल्याने सगळा हिशेब आजच्या पौंडांत करता येतो.

समजा नोकरीभर त्याचा पगार आजच्या ३०,००० पौंडांच्या आसपासच राहिला. वर्षाला ४५०, म्हणजे ४० वर्षांत १८,००० पौंड कापले जातील आणि उरलेले माफ होईल. अशा मुलासाठी आजोबांनी ५०,००० भरले, तर त्यातले ३२,००० सरकारला दान केल्यासारखे होईल. सरासरी पगार ४५,००० धरला, तर वर्षाला १,८०० जाऊन २८ वर्षांच्या आत कर्ज संपते. ७०,००० असेल, तर १२ वर्षांच्या थोडे पुढे. या दोघांनी महागाईपेक्षा एक पैसाही जास्त व्याज दिलेले नसते, म्हणजे आधी भरून त्यांचेही फारसे वाचत नाही. प्लॅन २ मध्ये भरपूर पगार असणाऱ्याला लवकर फेडण्याचा फायदा होतो. प्लॅन ५ मध्ये त्याचे कारण बरेचसे उरत नाही.

नोकरी सुटली की कपात आपोआप थांबते, कोणाला अर्ज करावा लागत नाही. कपात महिन्याच्या पगारावर होत असल्याने एखाद्या महिन्यात बोनसमुळे २,०८३ पौंडांची मासिक मर्यादा ओलांडली तर पैसे जातात, पण वर्षाचे एकूण उत्पन्न २५,००० च्या आत राहिले तर ते परत मागता येतात. बरेच जण मागत नाहीत. कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज रद्द होते, घरच्यांवर काही येत नाही. जामीनदार मुळात नसतोच.

झळ लागते ती दुसरीकडे. साधारण पगारदाराला वाढीव प्रत्येक पौंडावर २० टक्के आयकर, ८ टक्के राष्ट्रीय विमा आणि वर हे ९, असे ३७ टक्के द्यावे लागतात. पन्नास हजारांच्या थोडे वर गेले की हाच आकडा ५१ टक्के होतो. हे कर्ज पतनोंदीत दिसत नाही, तरी गृहकर्ज देणारी बँक हातात येणारा पगार पाहते, आणि तो या कपातीने कमी झालेला असतो. म्हणून माझे मत असे, की आजोबांचे पैसे घराच्या पहिल्या भरण्यासाठी राखून ठेवावेत. तो पैसा हाताशी राहतो; कर्जात भरलेला मात्र, पुढे मुलाचा पगार कमी राहिला तरी, परत मिळत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. महागाई आणि व्याज एकाच मापाने मोजायचे, हे लक्षात आल्यावर माझा विरोध बराच मावळला. बाबांना १८,००० आणि ५०,००० मधला फरक कागदावर मांडून दाखवला. सरकारला दान हा शब्द त्यांना चांगलाच लागला. एक शंका मात्र उरते. इथल्या ठेवीवर ३.२ टक्क्यांपेक्षा बरेच जास्त व्याज मिळते, पण कर्ज पौंडात आणि ठेव रुपयात, त्यामुळे तो फरक नफा धरता येणार नाही, असे मला वाटते. आणि मुंबईला परतण्याचे काय?

प्रतिसाद

तुमची शंका रास्त आहे. रुपया घसरला तर ठेवीचे जास्तीचे व्याज त्यातच जाईल. घरासाठी पैसे लागणार हे नक्की असेल, तर निदान काही भाग आताच पौंडात नेऊन ठेवावा.

परतल्यावर कर्ज मागे येते. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ देश सोडायचा असेल तर हे कर्ज सांभाळणाऱ्या स्टुडंट लोन्स कंपनीला कळवून उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. मर्यादा देशाच्या राहणीमानानुसार बदलते आणि भारतासाठी ती इंग्लंडपेक्षा बरीच कमी असल्याने इथल्या मध्यम पगारावरही कपात लागू शकते. ती मग मालक करत नाही, स्वतः भरावी लागते. कागदपत्रे दिली नाहीत, तर पगार न पाहता ठरावीक मासिक रक्कम लावली जाते आणि आपल्याकडची मुले नेमकी तिथे अडकतात. माफीची ४० वर्षे मात्र परदेशातही मोजली जातात. निघण्याआधी त्याने कंपनीला कळवायलाच हवे, आईला सांगणे नंतर जमेल तेव्हा.