जंगलातल्या लढाईचे सिनेमे आणि 'नुसतं चालणं' ही तक्रार

वाटसरू

युद्धपटांच्या यादीखाली 'दारूगोळा' यांनी लिहिलंय की ब्रह्मदेश, न्यू गिनी, इंडोचायना असल्या आडबाजूच्या मोहिमांवरचे सिनेमे म्हणजे दोन तास चिखल तुडवणं, तापाने कुडकुडणं आणि शेवटी दहा मिनिटं गोळीबार. 'यात युद्ध कुठे आहे?' असा त्यांचा सवाल. दोन ओळींत याचं उत्तर होत नाही, म्हणून वेगळा धागा.

चालणं आणि ताप हेच तिथलं युद्ध होतं. १९४३ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवरून जखमी म्हणून मागे पाठवलेल्या एका माणसामागे १२० माणसं आजारी म्हणून मागे जात होती. तिथले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी मलेरिया टाळणारी मेपाक्रीनची गोळी रोज सक्तीने घ्यायला लावली, पलटणींची अचानक तपासणी सुरू केली आणि गोळी घेतलेल्यांचं प्रमाण ९५ टक्क्यांखाली आलं की थेट कमांडिंग ऑफिसरला हटवलं. असे तिघे गेले, बाकीच्यांना बरोबर कळलं. या गोळीने कातडी पिवळी पडायची, वर पुरुषत्व जातं अशी अफवा होती, म्हणून जवान ती टाळायचे. यात नाट्य नाही तर कशात आहे? तरी पडद्यावर पिवळ्या पडलेल्या चेहऱ्याचा सैनिक शोधून सापडत नाही.

ओझ्याचंही तेच. चिंडिटांच्या, म्हणजे ब्रह्मदेशात शत्रूच्या पाठीमागे घुसून लढणाऱ्या ब्रिटिश तुकड्यांच्या, पाठीवर साधारण ३२ किलो असायचे: पाच दिवसांचा शिधा, काडतुसं, ग्रेनेड, पाणी, पांघरूण. एवढं पाठीला बांधून बसलेला माणूस सहज उठत नाही. तो आधी कुशीवर वळतो, गुडघ्यावर येतो, नाहीतर दुसरा त्याला हात देऊन ओढतो. सिनेमात पिशवीत फोम भरलेला असतो, त्यामुळे नट झटकन उठतात, ताठ चालतात आणि पट्टा खांद्यात रुततच नाही.

पाणी घ्या. ओढ्याचं पाणी बाटलीत भरायचं, निर्जंतुक करणारी गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचं, मग चव घालवणारी दुसरी गोळी. दोन्ही एकदम टाकल्या तर दुसरी पहिलीचं काम मारून टाकते आणि हगवण ठरलेली. घसा कोरडा पडलेल्या तीस माणसांना भरलेल्या बाटल्या हातात देऊन अर्धा तास थांबवून ठेवणारा हवालदार दाखवा. दहा मिनिटांच्या गोळीबारापेक्षा त्या प्रसंगात जास्त ताण आहे.

दारूगोळा

ते मीच लिहिलंय आणि मागे घेत नाही. तुम्ही दिलेली माहिती पुस्तकात शोभते. प्रेक्षक पडद्यावर दोन माणसांमधला संघर्ष बघतो. मलेरियाला चेहरा नाही, हगवणीला संवाद नाहीत. ब्रह्मदेशातल्या अमेरिकी तुकडीवरचा 'मेरिल्स मरॉडर्स' (१९६२) अख्खा थकव्यावर आहे, पण लक्षात राहते ती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या चक्रव्यूहातली लढाई. दिग्दर्शक सॅम्युअल फुलर स्वतः पायदळात लढलेला होता, त्यालाही ती लढाई घालावीच लागली.

वाटसरू

मलेरियाला चेहरा नाही? 'फायर्स ऑन द प्लेन' (१९५९) पाहा. फिलिपिन्समधल्या लेयते बेटावरचा एक जपानी शिपाई, क्षय झालेला. तुकडी म्हणते इस्पितळात जा, इथे तुला पोसायला अन्न नाही. इस्पितळ म्हणतं चालता येतंय ना, मग परत जा. तुकडी त्याला पुन्हा हाकलते आणि कुठेच घेतलं नाही तर वापर म्हणून ग्रेनेडची आठवण करून देते. समोर शत्रू नाही, बंदूक उडत नाही, तरी पहिल्या काही मिनिटांत माणूस पूर्ण कोंडीत सापडलेला आहे. संघर्ष म्हणजे आणखी काय असतो?

कॅमेरामागचा

वाटसरू, कळकळ पोचली, पण चित्रीकरणाचा विचार तुम्ही केलेला नाही. दाट झाडीखाली उजेड इतका कमी पडतो की बाहेर आरामात चालणारी लेन्स आत अपुरी पडते. ढग आले की दुपारी दोनलाच काम थांबतं. सगळं हिरवं, त्यात हिरवे कपडे. खोली दिसावी म्हणून मागे धूर सोडावा लागतो. खरा पाऊस समोरून टिपला तर दिसतच नाही, मागून दिवा मारावा लागतो. पावसाची यंत्रं इतका आवाज करतात की संवाद नंतर स्टुडिओत पुन्हा घ्यावे लागतात.

आणि चेहरे! चिखल, दाढी आणि तीच टोपी घातली की दहा नट एकसारखे दिसतात. मग एकाला गळ्यात रुमाल, एकाला चष्मा, एकाला टोपीची मोडलेली कड. जाणकार म्हणतात 'गणवेश चुकला', पण प्रेक्षकाला कोण मेला हे कळायला नको का? जंगलात दहा-पंधरा मीटरपलीकडे दिसत नाही हे खरंच. तेच जसंच्या तसं दाखवलं तर कोण कुठून कुठे चाललंय हे कुणालाच समजणार नाही.

वाटसरू

कुणालाच समजत नव्हतं, हीच तर गोष्ट आहे. पिएर शोंडोर्फर यांचा १९६५ चा ३१७व्या पलटणीवरचा फ्रेंच सिनेमा घ्या. १९५४, इंडोचायना, लाओसी जवानांची एक तुकडी माघार घेतेय. कॅमेरा त्यांच्याबरोबर चालतो, वर जाऊन नकाशा दाखवत नाही. शत्रू बहुतेक वेळ दिसत नाही, तरी बघणारा हरवत नाही, कारण प्रश्न एवढाच असतो: पुढचा ओढा कधी, आणि स्ट्रेचरवरच्याचं काय करायचं. शोंडोर्फर स्वतः इंडोचायनातल्या दिएन बिएन फूच्या लढाईत सैन्याचा कॅमेरामन होता, तिथेच युद्धकैदी झाला.

कॅमेरामागचा

ते उदाहरण बिनतोड आहे, पण तो कृष्णधवल आहे आणि मुख्य माणसं मोजकी आहेत. कृष्णधवलमध्ये हिरव्यात हिरवं मिसळण्याची अडचण राहत नाही. मोठ्या तुकडीवर रंगीत सिनेमा करा, मग बोलू.

पानगळ

दिसण्यावरच सगळे अडकलेत. जंगलातली लढाई कानाने होते आणि सिनेमे सगळ्यात जास्त चुकतात ते आवाजात. जपानी टोळ्या रात्री मोर्च्यांजवळ येऊन ओरडायच्या, फटाके उडवायच्या, नावं घेऊन हाका मारायच्या. हेतू एकच: तुम्ही घाबरून गोळी झाडावी आणि मशिनगन कुठे आहे हे त्यांना कळावं. म्हणून हुकूम असायचा की रात्री गोळी नाही. जवळ आलाच तर ग्रेनेड किंवा संगीन. ग्रेनेडला नळीची झळाळी नसते, कुठून आला ते कळत नाही. सिनेमात मात्र हाक आली की सगळी पलटण अंधारात धडाधडा गोळ्या सोडते.

जपान्यांची ६.५ मिमीची जुनी रायफल लांब नळीची होती, काडतूस हलकं, झळाळी जवळजवळ नाहीच. झाडीतून गोळी येते आणि झाडणारा दिसत नाही, ही भीती तिथून येते. पडद्यावर प्रत्येक नळीतून हातभर ज्वाळा निघते, तिथेच ती भीती संपते.

ग्रेनेडचे तर हालच. ३६ नंबरच्या ग्रेनेडला ४ सेकंद मिळतात. फुटतो तेव्हा क्षणभर चमक, करडा धूर आणि उडालेली माती. पडद्यावर फुटतो पेट्रोलचा नारिंगी गोळा. आणि बांबूच्या बेटात फेकलेला ग्रेनेड बांबूवर आपटून परत येऊ शकतो, म्हणून तिथे तो खालून, जमिनीलगत टाकायचा. हा एक तपशील घेतला तर अख्खा प्रसंग उभा राहील.

कॅमेरामागचा

ग्रेनेडबाबत मान्य करावं लागतंय. मुलतानी मातीची बारीक पूड, बुचाचे तुकडे आणि थोडी काळी दारू यात खरा वाटणारा स्फोट होतो. पेट्रोलपेक्षा नटालाही धोका कमी. तरी निर्माते आगच मागतात, कारण ट्रेलरमध्ये धूळ दिसत नाही.

तोफखाना

झळाळी, दिवे, ट्रेलर... यात आपली माणसं कुठे आहेत? ब्रह्मदेशात लढलेल्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य जवान भारतीय होते. १९४५ च्या 'ऑब्जेक्टिव्ह, बर्मा!' या हॉलिवूडच्या सिनेमावर ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला की तो लंडनमधून काढून घ्यावा लागला, परत लागला थेट १९५२ ला. कारण काय, तर ब्रह्मदेश एकट्या अमेरिकनांनी जिंकल्यासारखं दाखवलं. ब्रिटिशांना राग आला तो ब्रिटिश दिसले नाहीत म्हणून. भारतीय दिसले नाहीत याचा राग कुणाला आला?

आणि आपण मराठी लोक तरी काय करतो? मार्च १९४४, सांगशाक, मणिपुरात उखरुलच्या बाजूला. ५० वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन. नागा गावाची डोंगरावरची जागा, काटेरी तार नाही, तीन फूट खणलं की खडक, पाणी अपुरं. विमानातून टाकलेला माल बराचसा जपान्यांकडे पडला, कारण जागाच एवढीशी. २२ ते २६ मार्च तग धरून रात्री बाहेर पडण्याचा हुकूम आला. त्या काही दिवसांच्या खोळंब्याने कोहिमा आणि इम्फाळला तयारीला वेळ मिळाला. यावर कुणाला सिनेमा काढावासा वाटत नाही, आणि इथे चर्चा धुराच्या रंगाची.

दारूगोळा

घ्या! तुम्ही सांगितलेल्या सांगशाकमध्ये वेढा आहे, हल्ले आहेत, रात्रीची निसटानिसट आहे. मी लढाईच मागत होतो. वाटसरूंचं चालणं त्यात कुठे बसतं?

तोफखाना

तिथे डोंगरी तोफा पोचल्या कशा? ३.७ इंची हॉवित्झर सुटी करून आठ खेचरांवर लादतात. नळीचे दोन भाग दोघांवर, चाकं तिसऱ्यावर, बाकीचे भाग पुढच्यांवर. एक खेचर दरीत गेलं की तोफ निकामी. दोन्ही बाजूंचं वजन समान नसेल तर खोगीर सरकतं आणि पाठ लागते. पावसात तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) ढिला पडला आणि मुक्कामाला कुणी पाहिला नाही, तर दुसऱ्या दिवशी ते जनावर कामातून गेलं. वेढ्यात मेलेली खेचरं पुरायला खणणार कुठे, खाली खडक. लढाई हवी म्हणता, तर ही दुर्गंधीही तिचाच भाग आहे.

पानगळ

खेचरांची आणखी एक बाजू कुठेच दाखवत नाहीत. १९४४ च्या मोहिमेआधी चिंडिटांच्या खेचरांचे स्वरतंतू शस्त्रक्रियेने काढले होते, शत्रूच्या पाठीमागे ओरडू नयेत म्हणून. सिनेमात ती खुशाल खिंकाळतात. बऱ्याचदा तर खेचरांच्या जागी घोडेच उभे करतात.

दारूगोळा

म्हणजे आता सिनेमासाठी जनावरांवर शस्त्रक्रिया करायच्या?

पानगळ

वाचून उत्तर द्या हो. आवाजाच्या मिश्रणात खिंकाळणं टाकू नका, एवढंच म्हणतेय. पडद्यावर तोंड उघडणारं आणि आवाज न निघणारं जनावर यापेक्षा अंगावर येणारं दृश्य तुमच्या दहा मिनिटांच्या गोळीबारात सापडणार नाही.

वाटसरू

खेचरांचा विषय निघालाच आहे तर वायरलेसचं सांगतो. सिनेमात नायक चालता चालता कानाला फोन लावतो आणि विमान येतं. चिंडिट तुकडीचा लांब पल्ल्याचा संच खेचरांवर असायचा. सोबत बॅटऱ्या, चार्जिंगचं इंजिन, त्याचं पेट्रोल. बोलायचं तर थांबायचं, ओझं उतरवायचं, झाडांवरून आडवी तार टाकायची, कारण डोंगराळ जंगलात लहरी सरळ जात नाहीत. वर जाऊन आकाशातून परत याव्या लागतात. दिवसाची आणि रात्रीची वारंवारता वेगळी. इंजिन चालू केलं की आवाज होतो, म्हणजे जागा कळते. चालू केलं नाही तर बॅटरी संपते आणि पाच दिवसांनी शिधा येत नाही.

शिधा आला तरी संकट. खेचरांचं धान्य पॅराशूटशिवायच टाकायचे. आतलं पोतं फुटलं तरी दाणे सांडू नयेत म्हणून बाहेरून दुसरं सैल पोतं. ते डोक्यावर पडलं तर माणूस जागीच ठार. अहो 'दारूगोळा', वायरलेसचा संच घेतलेलं खेचर नदीत वाहून गेलं, एवढ्यावर तुमचा अख्खा सिनेमा उभा राहतो.

दारूगोळा

यातलं शेवटचं वाक्य पहिल्याच प्रतिसादात लिहिलं असतं तर एवढा वाद झाला नसता. वायरलेस गेला, पाच दिवसांचं अन्न उरलं, मागे शत्रू: याला मी सिनेमा म्हणतो. मेपाक्रीनच्या टक्केवारीला अजूनही म्हणत नाही.

नागमोडी

सगळे एकाच बाजूने बोलताय. आझाद हिंद सेनेचे जवान त्याच डोंगरात होते. गांधी ब्रिगेडने मे १९४४ मध्ये इम्फाळजवळच्या पालेलच्या धावपट्टीवर हल्ला केला, त्याच्या गोष्टी हव्यात. जपानी सेनापती मुतागुची यांनी सैन्याला जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा देऊन पाठवलं, सोबत गुरांचे कळप. बरीचशी गुरं चिंडविन नदी आणि डोंगर ओलांडताना गेली. पाऊस लागल्यावरच्या माघारीत उपासमार आणि ताप जपानी आणि आझाद हिंद, दोघांच्याही वाट्याला आले. दोन्ही बाजूंना भारतीय असलेला हा सिनेमा कुणीच धड काढत नाही, कारण शत्रू कुणाला म्हणायचं हे ठरवायची हिंमत नाही.

तोफखाना

सांगशाकला मेलेल्या मराठा जवानांची बरोबरी कुणाशी लावताय ते बघा. त्यांनी दिलेली शपथ पाळली.

नागमोडी

बरोबरी लावलेली नाही. त्याच पावसात, त्याच तापाने मेले एवढंच लिहिलंय. तेवढंही ऐकवत नसेल तर 'आपली माणसं कुठे आहेत' हा प्रश्न तुम्ही अर्धाच विचारताय.

कॅमेरामागचा

हा वाद वेगळ्या धाग्यावर न्या, नाहीतर हा बंद पडेल. सांगशाकपुरतं बोलायचं तर व्यावहारिकदृष्ट्या तो शक्य कोटीतला आहे: एकच डोंगर, चार रात्री, ठरावीक माणसं. एकाच जागी सेट, झाडी विरळ म्हणजे उजेडाची अडचण कमी. तीन फुटांचे खंदक म्हणजे नट कंबरेवर कायम उघडे, धोका आपोआप दिसतो. माल टाकणारं विमान आणि हाताच्या अंतरावर शत्रूकडे जाणारं पॅराशूट, हे एका शॉटमध्ये मिळतं. फक्त खरी खेचरं घ्या आणि नटांना आधी महिनाभर त्यांच्यावर ओझं लादायला शिकवा. तंग आवळताना हात अडखळला की कॅमेऱ्याला लगेच कळतं.

वाटसरू

आणि पिशव्यांत फोम नको.

दारूगोळा

निम्मं वजन ठेवा. ३२ किलो घेऊन दिवसाला बारा तास चित्रीकरण केलं तर तिसऱ्या दिवशी नटांचे गुडघे जातील आणि तुमचं चालणंही पडद्यावर येणार नाही.