ब्लूटूथ स्पीकरचा आवाज एकतर कानठळ्या नाहीतर ठार बंद

म्हापशेकर: मोबाईल स्पीकरला जोडला की आवाजाच्या पहिल्याच काडीला आरती अख्ख्या वाड्याला ऐकू जाते नि एक खाली केली की बंदच, मधलं काही नाहीच, चतुर्थी तोंडावर आलीय काय करू?

फोंडेकर: अँड्रॉइड ना? सेटिंग्जमधल्या अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबर 7 वेळा दाब, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, त्यात 'डिसेबल ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम' चालू करून स्पीकर परत जोड. मग फोनचा नि स्पीकरचा आवाज वेगवेगळा लावता येतो.

पणजीकर: माझ्या विंडोजवर कॉल आला की गाणं आपोआप बारीक होतं, ते पण हेच का?

फोंडेकर: नाही रे. कंट्रोल पॅनलमधल्या जुन्या साउंड पॅनलमध्ये कम्युनिकेशन्स टॅबला 80 टक्के कमी असं आधीच निवडलेलं असतं (कोणाची अक्कल कोण जाणे), डू नथिंग कर.

म्हापशेकर: जमलं! आई म्हणते आता फारच बारीक.