मदत हवी आहे: काळं माकड, काळोखं जंगल

दिवाळीनंतर तमिळनाडूतल्या वालपराईला जातोय, सिंहपुच्छ माकडांचे फोटो काढायला. सिंहगडावर माकडांवर बराच सराव केला, पण तिथं लख्ख ऊन आणि माकडं पार सॅकपर्यंत येतात! हे प्रकरण वेगळं: अंग काळंभोर, आयाळ रुपेरी, बसणार उंच फांदीवर आणि मागे पांढरं आकाश. नुसती सावली येईल अशी धास्ती आहे. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवलं तर आयाळ जळते, म्हणजे पांढरीफटक होते ना? स्पॉट मीटरिंग (एका छोट्या भागापुरता उजेड मोजणं) चेहऱ्यावर घ्यावं का?

माझी लेन्स ७०-३०० आहे, ३०० ला एफ ५.६, म्हणजे उजेड कमीच घेते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० पर्यंत नेऊ का, की पुण्यात चांगली लेन्स भाड्याने मिळेल? कोथरूडजवळ असेल तर उत्तम. तिकडे तेव्हा परतीचा पाऊस असतो, जळवाही. अनुभवी मंडळींनी सांगा. (खायला टाकून जवळ बोलवायचे सल्ले नकोत.)