अनुभव धागा: विम्याच्या कागदावरचा ‘वारस’ आणि घरातले वारस

आमच्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात विमा उतरवताना ‘वारस कोण लावलात?’ असेच विचारले जाते, आणि उत्तरादाखल जे नाव सांगितले जाते ते अर्जावर नॉमिनी म्हणून चढते. नॉमिनी आणि वारस या दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, हे मला गेल्या वर्षी मामांच्या घरी कळले. त्यांचे तेरावे होण्याआधीच ओटीवर दोन बाजू पडल्या होत्या. ज्यांच्या घरी मृत व्यक्तीच्या विम्याच्या पैशांवरून वाद झाला, मिटला किंवा अजून चालू आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. व्यक्तींची, शाखेची किंवा कंपनीची नावे देऊ नयेत. तालुका लिहिला तरी पुरे.

देवगड

माझ्या यजमानांनी 2004 साली, म्हणजे आमच्या लग्नाच्या तीन वर्षे आधी, पाच लाखांची पॉलिसी घेतली आणि त्यावर आईचे नाव दिले, जे त्या वेळी योग्यच होते. लग्नानंतर रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर, मुंबईच्या खोलीच्या करारावर माझे नाव चढले. पॉलिसीवर चढवायचे तेवढे राहून गेले. 2019 च्या मे महिन्यात आंब्यासाठी गावी आलेले असताना ते हृदयविकाराने गेले.

बाराव्याच्या दिवशी दिरांनी माजघरातली पत्र्याची ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या निळ्या पिशवीतून पॉलिसी काढली. पुढच्या आठवड्यात त्यांनी सासूबाईंचा अंगठा धरून शाई लावली, तेव्हा ‘ह्यां कसला?’ असे त्यांनी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा त्यांना ‘पेन्शनचा’ असे उत्तर मिळाले. मी दारातच उभी होते आणि काही बोलले नाही, याचा सल अजून जात नाही.

रक्कम सासूबाईंच्या खात्यात जमा झाली आणि पंधरवड्यात त्यातले साडेतीन लाख दिरांच्या घराच्या स्लॅबमध्ये गेले. वकिलांनी मला समजावले ते असे: सर्वोच्च न्यायालयाच्या 1983 च्या सरबती देवी निकालाप्रमाणे नॉमिनी म्हणजे केवळ पैसे स्वीकारणारा हात, मालकी कायदेशीर वारसांची; परंतु विमा कायद्याच्या कलम 39 मध्ये 2015 साली दुरुस्ती झाली, आणि आई-वडील, पती वा पत्नी किंवा मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर ती व्यक्ती स्वतःच लाभाची हक्कदार ठरू लागली. या दुरुस्तीचा अर्थ सगळी उच्च न्यायालये एकसारखा लावत नाहीत, त्यामुळे दावा घालता आला असता, पण तो किती वर्षे चालेल हे तेही सांगू शकले नाहीत. शेवटी वाडीतल्या ज्येष्ठांसमोर मुलाच्या नावे दोन लाख ठेवायचे ठरले, त्यातले सव्वा लाख आले. सासूबाई आता माझ्याकडेच असतात, आणि ‘माझी पेन्शन कधी येतली?’ असे मधूनमधून विचारतात.

खेड

वरचा अनुभव वाचून अस्वस्थ झालो, कारण मीही एक दीरच आहे. धाकट्या भावाने लग्नाआधी माझे नाव लावले होते. गंमत अशी की त्याच्या प्रॉव्हिडंट फंडातले माझे नाव त्याच्या लग्नानंतर नियमानेच रद्दबातल ठरले होते आणि ती रक्कम थेट वहिनींना मिळाली, पण विम्यात तसा नियम नसल्याने तिथे मी कायम राहिलो. भाऊ हे नाते 2015 च्या दुरुस्तीतल्या यादीत येत नाही. म्हणजे पैसे माझ्या खात्यात आले तरी ते वारसांचेच होते. ज्या दिवशी आले त्याच दिवशी मी वहिनींच्या नावे चेक लिहिला.

तरीही वाद झालाच. पॉलिसी तीन लाखांची, आणि हातात आले एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार, कारण भावाने पॉलिसीवर कर्ज काढले होते आणि ते व्याजासह वळते झाले. मी कंपनीचा हिशेबाचा कागद दाखवला, झेरॉक्स दिली. वहिनींच्या माहेरची माणसे मात्र तेव्हापासून शिमग्याला आमच्या अंगणात येत नाहीत.

दाभोळ

नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळात माझे वडील ज्या होडीवर होते ती परत आली नाही. मृतदेह नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून विमा नाही. सात वर्षे ज्याची काही खबर नाही त्याला मृत मानण्याची तरतूद तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मध्ये होती, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते, आणि दरम्यान हप्ते थांबले तर पॉलिसी बंद पडते. सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली नेमके हेच म्हटले आहे: सात वर्षांनंतर मृत्यू गृहीत धरता येतो, तो अमुक दिवशी झाला असे गृहीत धरता येत नाही, त्या प्रकरणात मधले हप्ते न भरल्यामुळे विधवेला पूर्ण रक्कम मिळाली नाही. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आई सुकट विकून सहामाही हप्ता भरत राहिली ती केवळ ‘ते परत आले तर पॉलिसी बुडाली म्हणून रागावतील’ एवढ्याच समजुतीने.

2018 मध्ये हुकूमनामा मिळाला तेव्हा नवा पेच निघाला. नॉमिनी होते आजोबा, आणि ते 2012 मध्येच वारले होते. काकांचे म्हणणे असे की आजोबांचा हक्क आता त्यांच्याकडे आला. तसे नसते, नॉमिनी आधी गेला तर त्याच्या वारसांना काही मिळत नाही, रक्कम विमाधारकाच्या वारसांकडे जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, मी, बहीण आणि आजी असे चार समान वाटे झाले. आजीचा चौथा हिस्सा आहे हे ऐकून काका शांत झाले आणि आई गप्प झाली.

वेंगुर्ले

आतोबांनी मुंबईत दुसरा संसार केला होता आणि पॉलिसीवर त्या बाईंचे नाव होते. दोन्हीकडून अर्ज गेल्यामुळे कंपनीने पैसे अडवून न्यायालयाचे सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे कायदेशीर वारस कोण हे सांगणारा दाखला, मागितले. तलाठ्याकडची वारसनोंद तिथे चालली नाही. प्रकरण चालू असल्याने याहून जास्त लिहीत नाही.

चिपळूण

मी एकतीस वर्षे विमा प्रतिनिधी होतो, तेव्हा थोडा दोष आमच्याकडेही येतो. अर्ज आम्हीच भरायचो आणि ‘नाव सांगा, नाते सांगा’ यापलीकडे विचारत नव्हतो. एका गृहस्थांनी चार वर्षांच्या मुलीला नॉमिनी केले. ती अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, म्हणून पैसे स्वीकारायला नियुक्त व्यक्ती लागते, तिथे मीच सुचवले, ‘भावाचे नाव टाका’. मुलगी सोळा वर्षांची असताना गृहस्थ गेले, पैसे काकांनी उचलले, आणि आज ती चोवीस वर्षांची मुलगी माझ्या दारात येऊन विचारते की तो अर्ज कोणाच्या अक्षरात आहे. तो माझ्या अक्षरात आहे.

आणखी एक गोष्ट मी कधीच कोणाला समजावली नाही. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीच्या 1874 च्या कायद्याखाली पॉलिसी घेतली तर ती पत्नी आणि मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते. बागेच्या कर्जाचे सावकार तिला हात लावू शकत नाहीत, भाऊबंदही नाहीत. मात्र हे पॉलिसी घेतानाच लिहून द्यावे लागते, नंतर नाही. जुलै 2021 च्या पुरात माझ्याकडच्या सगळ्या नोंदवह्या चिखलात गेल्या, त्यामुळे जुन्या ग्राहकांना फोन करून ‘कोणाचे नाव आहे ते बघा’ म्हणायचे तर आता आठवणीवरच भिस्त आहे. आतापर्यंत त्रेचाळीस जणांना फोन झाले.

कुडाळ

हा धागा वाचून मी माझी पॉलिसी काढून पाहिली. आईचेच नाव आहे, आणि माझे लग्न होऊन नऊ वर्षे झाली. नाव बदलण्याचा फॉर्म आणला आणि चोरून भरण्यापेक्षा आईला सांगितलेले बरे म्हणून पडवीत तिच्यासमोर ठेवला. ती तांदूळ निवडत होती. तिने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, ‘‘माका पैशे नको रे, पण माजा नाव खोडतस कित्याक?’’

एकापेक्षा जास्त नॉमिनी ठेवून प्रत्येकाची टक्केवारी लिहिता येते असे मी तिला सांगितले, तेव्हा तिने पहिला प्रश्न टक्केवारीचाच विचारला. बायको आतून ऐकत होती. टक्केवारीचा रकाना मी पेन्सिलने भरला आहे, आणि गणपतीला सगळे गावी आले की मग त्यावर पेन फिरवायचे असे तूर्त ठरले आहे.