कार्बनपेक्षा टायर बघा

साठीनंतर रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावरची वेगवान सायकल, घ्यायची तर कार्बन फायबरच्या फ्रेमचीच (सांगाड्याचीच) घ्या, हादरे बसत नाहीत, असा सल्ला एकांनी दिलाय. माझं मत जरा वेगळं. वय ६३, मानेचा स्पाँडिलायटिस जुना सोबती. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराच्या भरीला पडून कार्बनची रेसिंग फ्रेम घेतली. खडकवासल्यापर्यंत मजा, परतताना करंगळ्या बधिर आणि मान अशी आखडलेली की मागची गाडी बघायला उतरावं लागे. सहा महिन्यांत विकली, तोटा सोसून.

आता साधी ॲल्युमिनियमची आहे, पण 'एंड्युरन्स', म्हणजे लांब पल्ल्याला आरामशीर अशा बांधणीची. हँडल उंच आणि जवळ. फ्रेमच्या मापांत 'स्टॅक' (पेडलच्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकाची उंची) आणि 'रीच' (त्याच दोहोंमधलं आडवं अंतर) असे दोन आकडे असतात. स्टॅक जास्त, रीच कमी, एवढं बघा. रंग नंतर.

खरा फरक टायरने पडला. २५ मिमी रुंदीचे जाऊन ३२चे आले, हवा १०० वरून ६० पीएसआयवर आणली (वजन ७२ किलो). गतिरोधकांवर दात वाजायचे थांबले! त्यामुळे फ्रेममध्ये ३२चा टायर बसतो ना, हे आधी विचारा.

हलक्या गिअरची लाज बाळगू नका. पुढे ३४ आणि मागेही ३४ दाती चक्र असलं की कात्रजचा जुना घाट बसूनच चढतो मी, गुडघे कुरकुरत नाहीत.

आणि हो, सायकलवर बसताना पाय दांड्यावरून जात नसेल तर सायकल आपल्याकडे कलवून टाका. मुलगा हसतो. हसू दे.