शब्दचर्चा : पांढरी

चर्चाप्रस्ताव

वतनाच्या जुन्या कागदांत 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द जोडीनं येतात. काळी म्हणजे शेतजमीन, एवढं कळतं. पांढरी म्हणजे नेमकं काय? आमच्या बार्शीकडे माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायच्या मातीला पांढरी म्हणतात. जुनी माणसं 'आमच्या पांढरीत असलं चालत नाही' असंही म्हणतात. हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच? आणि पांढरी म्हणजेच गावठाण का? एखाद्या खऱ्या गावाच्या आधारानं कुणी सांगितलं तर बरं होईल.

प्रतिसाद

शब्द एकच आहे. पांढरी म्हणजे गावाची वस्तीची जमीन, काळी म्हणजे कसायची जमीन. त्यावरून पांढरी म्हणजे त्या वस्तीत राहणारा समस्त गाव, असाही अर्थ आला. तुमची जुनी माणसं बोलतात ती या दुसऱ्या अर्थानं.

पण वस्तीला पांढरी का म्हणायचं, हे देशावरची जमीन पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. भीमा-गोदावरीच्या खोऱ्यात नदीकाठची जमीन काळीभोर असते. त्या काळ्या रानात माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहिली की तिथली माती बदलते. चुलीतली राख, शेणसारवण, गुरांचं मलमूत्र, हाडं, घरातली चुनखडीची जमीन, दर काही वर्षांनी पडणाऱ्या आणि पुन्हा उभारल्या जाणाऱ्या मातीच्या भिंती, हे सगळं थरावर थर साचत जातं. जागा उंचावते आणि राखट पांढुरकी दिसू लागते. म्हणजे ही माती निसर्गानं दिलेली नाही, माणसाच्या राहण्यातून ती तयार झाली आहे.

खरं गाव हवं असेल तर पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. न्हावरे, मांडवगण फराटा हा तो भाग. गाव घोड नदीच्या काठी आहे आणि घोड पुढे भीमेला मिळते. वर चिंचणीला धरण झाल्यापासून या पट्ट्यात उसाचं रान दिसतं, पण मुळात हा अवर्षणाचा टापू. या गावाच्या शिवारात नदीकाठी पांढरीची टेकाडं होती. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांनी १९६८ पासून तिथं उत्खनन केलं, ते १९८०नंतरही काही वर्षं चाललं. थरांखाली इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली, म्हणजे सुमारे नऊशे वर्षांची सलग वस्ती निघाली. शंभरावर घरं उघडी झाली.

आता नाव पाहा. 'इनाम' हा अरबीतून आलेला शब्द, म्हणजे हे नाव फार तर मध्ययुगातलं. त्याच शिवारातली पांढरी त्याहून कितीतरी जुनी. गावाचं वय नावावरून काढायची आपली सवय इथं अपुरी पडते. माझं म्हणणं असं की गावाचा इतिहास लिहिताना आधी पांढरी पाहावी, मग नावाकडे वळावं.

उपप्रतिसाद

पण पुरातत्त्ववाल्यांची 'पांढरी' आणि शेतकऱ्याची 'पांढरी' एकच म्हणायची का? त्यांची तर शास्त्रीय संज्ञा असेल.

प्रतिसाद

संज्ञा शेतकऱ्याची, ती संशोधकांनी उचलली. देशावर जुनी वस्ती शोधायची तर गावकऱ्यांना 'इथं पांढरी कुठं आहे?' असंच विचारावं लागतं. नांगरताना कुठं खापरं निघतात, कुठली माती शेतात टाकायला लोक गाड्या भरून नेतात, हे त्यांना ठाऊक असतं. जुन्या पांढरीची माती खतासारखी चालते, त्यामुळे किती टेकाडं अशी शेतात पसरून सपाट झाली असतील! तुमच्या बार्शीकडच्या माळवदाचंही तेच. ही माती पावसात आवळून बसते म्हणून धाब्यावर टाकतात. गढ्यांच्या जाडजूड भिंतीही याच मातीच्या. म्हणजे जुन्या वस्तीची माती नव्या घराच्या डोक्यावर गेली आणि जाताना 'पांढरी' हे नावही सोबत घेऊन गेली.

इनामगावचं आणखी सांगतो. पहिल्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं आहेत. त्यानंतर जोर्वे काळ येतो. हे नाव प्रवरेकाठच्या, संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडलं, तिथं १९५०-५१ साली उत्खनन झालं होतं. या काळातलं खापर हातात घेतलं तर तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी दिसते, आणि टिचकी मारली तर धातूच्या भांड्यासारखं खणखणतं, इतकं ते पक्कं भाजलेलं आहे. लोक मुख्यतः जव पिकवत. नदीचं पाणी वळवायला बांध आणि पाटही त्यांनी केला होता. एक पाच खोल्यांचं घर सापडलं. त्याच्या शेजारी धान्याचं कोठार होतं, त्यावरून ते गावच्या प्रमुखाचं असावं असा तर्क केला गेला. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला प्रौढ पुरुष मिळाला.

लहान मूल गेलं तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत त्याला ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांनाही घरातच किंवा अंगणात पुरत, बहुतेकदा घोट्याखालची पावलं तोडून. यामागची समजूत काय असेल यावर वेगवेगळी मतं आहेत. पण मेलेलं माणूसही पांढरीबाहेर गेलेलं नाही, हे जमिनीतच दिसतं. पांढरी म्हणजे जमीनही आणि माणसंही, हा अर्थ मला इथं सगळ्यात जास्त पटतो.

शेवटच्या काळात, इ. स. पू. १००० नंतर, पाऊसमान घटलं. मोठी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या, शेती मागे पडून गुरं-शेरडांवर भर आला. इ. स. पू. ७००च्या सुमारास ही वस्ती उठली.

प्रतिसाद

वस्ती उठण्यावरून आठवलं. आमच्या विदर्भात उठलेल्या गावाला रीठ किंवा रिठी म्हणतात. महसुली नकाशात मौजा असतो, त्याला नाव असतं, शेतं असतात, फक्त माणूस राहत नाही. बऱ्याच मौज्यांच्या नावापुढे रीठ किंवा रिठी लागलेलं असतं. सरकारी मराठीत याला 'बेचिराग' म्हणतात. बे-चिराग, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव. याचंच पुढे 'बेचिराख' झालं. लोकांनी त्यात 'राख' ऐकली आणि अर्थ जळून खाक झाल्याकडे झुकला. पण मूळ बेचिराग गाव जळलेलं असायची गरज नाही. पटकीनं, दुष्काळानं किंवा विहिरी आटल्यानं उठलेलंही असेल. तुमच्या भाषेत सांगायचं तर काळी जिवंत, पांढरी ओस.

प्रतिसाद

रत्नागिरीकडे मी पांढरी हा शब्द ऐकलेला नाही. आमची माती तांबडी, जांभ्याची. आणि घरं एका ठिकाणी दाटीनं नसतात, वाड्यावाड्यांत डोंगरउतारावर पसरलेली असतात. प्रत्येक घराभोवती परसू, आगर. गावाची ओळख वाड्यांवरून, देवळावरून, पऱ्ह्यांवरून (ओढ्यांवरून) होते. काळ्या-पांढऱ्याची जोडी इथं कशी जुळणार?

प्रतिसाद

बरोबर. हा शब्द काळ्या मातीच्या आणि दाट वस्तीच्या मुलखाचा आहे. एकाच जागी शतकानुशतकं घर पडलं आणि त्यावर घर उभं राहिलं, तिथंच पांढरी साचते.

गावठाणाचा प्रश्न राहिला. पांढरी आणि गावठाण जवळपास एकाच जागेला म्हणतात, पण गावठाण हा आता कायद्यातला शब्द आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार गावठाणाची हद्द जिल्हाधिकारी ठरवतात. वस्ती वाढली की 'वाढीव गावठाण' मंजूर होतं. ते काळीवर पडतं, म्हणून त्याला कुणी पांढरी म्हणत नाही. ब्रिटिश काळात भूमापन झालं ते मुख्यतः महसूल देणाऱ्या काळीचं. काळीला सर्व्हे नंबर मिळाले, पुढं सातबारा मिळाला. पांढरीतलं घर मात्र बहुतेक गावांत ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीतच राहिलं, आणि म्हणून त्या घरावर कर्ज मिळणं अवघड. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देतात, ती हीच जुनी उणीव भरून काढायला.

आणि एक खुलासा, कारण हा गोंधळ नेहमी होतो. पांढरी आणि पंढरी यांचा संबंध नाही. पंढरपूरचं नाव जुन्या शिलालेखांत 'पंडरगे' असं येतं.

उपप्रतिसाद

इंदापूरकडची एक भर. उजनी धरणात आमच्याकडची कितीतरी गावं गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसतं. धरणग्रस्तांच्या नव्या गावांना लोक अजूनही नुसतं 'पुनर्वसन' म्हणतात: 'कुठं राहता?' 'पुनर्वसनात.' जुनी माणसं पांढरी म्हणतात ती पाण्याखालच्या गावाला. नव्या गावाला पांढरी म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. कोयना, जायकवाडीच्या लोकांकडे याला काय म्हणतात, ते कुणी लिहावं.