सात-एकचा बेंच: डोकं की मटका? (कालची रग्बी फायनल)

सातपूर_थर्डशिफ्ट | रविवार २९ ऑक्टोबर २०२३, सकाळी ९:४०

काल रात्री जागले असाल तर या, नसाल जागले तरी या, थोडक्यात सांगतो. पॅरिसला रग्बी वर्ल्ड कपची फायनल झाली, साउथ आफ्रिका १२, न्यूझीलंड ११. आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू. त्यात कोजागिरी आणि त्यात ग्रहण, आईने दुधाच्या पातेल्यात तुळशीचं पान टाकून बजावलं की सुटल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. म्हणजे मी गच्चीवर, मोबाइल पाण्याच्या टाकीला टेकवलेला, वर चंद्र कडेला नखाएवढा कुरतडलेला, आणि केशर घातलेलं दूध समोर असून पिता येत नाही. डर्बनला आठ महिने मशीन बसवायला होतो तेव्हापासून हे वेड लागलंय, मी आफ्रिकेवालाच, हे आधीच सांगतो नाहीतर म्हणाल जळतोय.

तर माझं म्हणणं, जिंकलो ते ठीक पण टीम चुकीची निवडली होती. रग्बीत १५ मैदानात आणि ८ बेंचवर. आठात साधारण ५ फॉरवर्ड, म्हणजे ढकलाढकलीवाले दांडगे गडी, आणि ३ बॅक, म्हणजे पळणारे, पास-किक करणारे. आमचा रग्बी डायरेक्टर रॅसी इरॅस्मस आणि कोच नीनाबर यांनी घेतले ७ फॉरवर्ड आणि १ बॅक. एकटा विली ला रू! फाफ डी क्लर्कचा पाय मुरगळला असता तर बदली स्क्रमहाफच (गर्दीतून बॉल काढून पास देणारा) नव्हता, विंगवरच्या, म्हणजे कडेने पळणाऱ्या कोल्बीला तिथे उभं करावं लागलं असतं. बरं एवढे सात बैल घेऊन केलं काय? न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन २८व्या मिनिटाला बाहेर गेला, आधी पिवळं कार्ड (दहा मिनिटं बाहेर) मग त्याचंच लाल झालं (कायमचं बाहेर), समोर १४ माणसं. आणि सेकंड हाफमध्ये आमचे पॉइंट किती? शून्य. पोलार्डच्या चार पेनल्टी, तीन-तीनचे बारा, चौथी ३४व्या मिनिटाला, त्यानंतर ४६ मिनिटं भोपळा. समोरच्यांनी मात्र १४ जणांत ट्राय मारली (बॉल रेषेपलीकडे टेकवायचा, ५ पॉइंट), त्यावरचं कन्व्हर्जन (२ पॉइंटची किक) हुकलं, मग ७३व्या मिनिटाला जॉर्डी बॅरेटची लांबची पेनल्टी हुकली. त्या दोनातली एक जरी खांबांच्या मधून गेली असती तर आज मी "रॅसीला हाकला" असा धागा काढला असता आणि तुम्ही सगळे हो हो म्हणाला असता.

आणि हूकरचं तर विचारूच नका. हूकर म्हणजे स्क्रममध्ये, दोन्हीकडचे दांडगे वाकून एकमेकांना ढकलतात त्यात, मधोमध असतो तो, लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला बॉल कडेवरून आत टाकताना, बॉल पण तोच फेकतो. सप्टेंबरमध्ये माल्कम मार्क्सचा गुडघा गेला, त्याच्या जागी दुसरा हूकर बोलवायचा सोडून यांनी किकर बोलावला, पोलार्ड. मग राहिला एकटा म्बोनांबी. काल तिसऱ्याच मिनिटाला न्यूझीलंडचा फ्रिझेल त्याच्या पायावर पडला, गेला बाहेर. उरलेला सगळा वेळ ३७ वर्षांचा डिऑन फूरी, जो मुळात फ्लँकर, म्हणजे स्क्रमच्या कडेचा फॉरवर्ड, तो हूकर. लाइनआउटचे थ्रो कसे भरकटत होते ते बघितलं ना?

पंचवटीकर | सकाळी १०:०५

काय भो, कप हातात आलाय तरी रडगाणं. मी आठ वर्षं मॅटवर कबड्डी खेळलोय, रग्बी मला तुझ्याइतकी कळत नसेल पण दमाचा खेळ कळतो. पॅरिसमध्ये पाऊस होता, बॉल साबणासारखा सटकत होता, अशा रात्री पळणारे तीन घेऊन काय त्यांचं लोणचं घालायचं होतं? फॉरवर्ड आधी थकतात, पाऊण तासानंतर त्यांचे पाय जड होतात, तेव्हा ताजे सात आणायचे. कबड्डीत शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नरचा गडी दमला की पकड सुटते, तसंच आहे हे. तुझ्या "शून्य पॉइंट"चं मला कौतुक नाही, यांचा प्लॅनच पुढे असताना दरवाजा लावून घ्यायचा होता, आणि लावला. पीटर-स्टेफ डू टॉइटने २८ टॅकल केले, अठ्ठावीस!! मॅन ऑफ द मॅच.

राहिला पोलार्ड. तो नसता तर फायनलच नव्हती. इंग्लंडविरुद्धची सेमी आठव, आधीचा किकर लिबॉकला ३१व्या मिनिटाला काढलं, पोलार्ड आला, ७८व्या मिनिटाला जवळपास निम्म्या मैदानावरून पेनल्टी, १६-१५. आणि त्याच्याआधी ग्रुपमध्ये आयर्लंडकडून १३-८ हरले ते कशामुळे? किका हुकल्या म्हणून. रोग किकिंगचा होता, औषध किकर आणलं. आणि फूरी हूकर नव्हता हे तुला कोणी सांगितलं, तरुणपणी तो हूकरच होता, फ्लँकर नंतर झाला.

सातपूर_थर्डशिफ्ट | सकाळी १०:१८

डू टॉइट बेंचवर होता का रे भावा? तो पहिल्या मिनिटापासून होता आणि ८०व्या मिनिटालाही पाडतच होता. म्हणजे तुझं सगळ्यात मोठं उदाहरण बेंचच्या विरोधातच जातंय. फूरीचं मान्य, पण तरुणपणीचं कौशल्य फायनलला वापरायचं म्हणजे मामांना विहिरीत पोहता येत होतं म्हणून त्यांना पुरात उतरवण्यासारखं आहे.

पंचवटीकर | सकाळी १०:२१

मामा तरले ना पण 😄

कॉलेजरोड_काकू | सकाळी १०:५०

तुमचं दोघांचं आफ्रिका-आफ्रिका चाललंय, आमच्याकडे सुतक अजून सुटलेलं नाही. माझा मुलगा पुण्यात कॉलेजच्या टीममधून रग्बी खेळतो, त्याच्यामुळे मी ऑल ब्लॅक्सवाली, म्हणजे न्यूझीलंडवाली झाले, आणि काल आम्हाला एकाच दिवशी दोनदा मारलं हो. दिवसा धरमशालाला क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलियाचे ३८८, आमचे ३८३, पाच रनांनी गेलं. रात्री एका पॉइंटने. आणि आफ्रिकेवाल्यांचं बघा, परवा चेन्नईत पाकिस्तानला एका विकेटने, काल आम्हाला एका पॉइंटने, आणि यांनाच जन्मभर चोकर म्हणत आलो आपण!

बेंच-बिंच राहू द्या, दोन गोष्टींची उत्तरं द्या. आमच्या आरन स्मिथची ट्राय बाद कशी केली? लाइनआउटला आमच्या सावेआच्या हातून बॉल पुढे निसटला (नॉक-ऑन) हे खरं, पण त्यानंतर किती फेज, म्हणजे पाडापाडीचे टप्पे झाले होते, आणि टीएमओने (व्हिडिओ बघणाऱ्या पंचाने) नॉक-ऑनसाठी दोन फेजच्या पलीकडे मागे जायचंच नसतं असा नियम आहे, मुलगा फोनवर ओरडत होता. दुसरं, केनने तुमच्या क्रीलच्या डोक्याला खांदा लावला तर लाल, आणि तुमच्या कोलिसीने सावेआच्या डोक्याला डोकं दिलं तर पिवळं. का?

आणि आमच्या टीमच्या निवडीबद्दल पण बोलते, नाहीतर म्हणाल काकू एकतर्फी. बोडन बॅरेटची ट्राय झाली ती टेलियाने गडी चकवले म्हणून. क्वार्टर फायनलला याच टेलियाला शिस्तीच्या नावाखाली बाहेर बसवलं होतं. मी आई आहे, मला शिस्त कळते, पण तेव्हा आयर्लंडकडून हरलो असतो तर?

पीटी_सर_निवृत्त | सकाळी ११:३०

काकू, लाल कार्ड शंभर टक्के बरोबर. मी तीस वर्षं पोरांना मैदानावर शिकवलं, रग्बी नाही, कबड्डी आणि कुस्ती, पण डोक्याची उंची हा सगळीकडे एकच धडा. क्रील बॉल घेऊन येतोय हे केनला दिसत होतं, पुरेसा वेळ होता, तरी तो ताठ उभा राहिला. गुडघ्यात वाकायला अर्धा सेकंद लागतो. कोलिसी निदान खाली जात होता, धडकेचा जोरही कमी होता, म्हणून बंकरमध्ये, म्हणजे व्हिडिओवर कार्ड तपासायला बसलेल्या पंचांनी, पिवळ्याचं लाल केलं नाही. पटो न पटो, फरक होता. पुरुषांच्या फायनलमध्ये पहिल्यांदाच लाल कार्ड, तेही कॅप्टनला, मला त्या मुलाचं वाईट वाटलं, खुर्चीवर बसून बघत होता तो चेहरा विसरणार नाही. स्मिथच्या ट्रायबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. चूक झाली होती, पण ती ज्या टप्प्यावर पकडायची तो टप्पा निघून गेला होता.

आता सातपूरवाल्यांना एक हिशेब. तुम्ही म्हणता १४ जणांसमोर शून्य. २८ ते ८० म्हणजे ५२ मिनिटं. त्यात कोलिसीची पिवळ्याची १० मिनिटं आणि शेवटी कोल्बीच्या पिवळ्याची ७, या १७ मिनिटांत दोन्हीकडे १४-१४. खरा जास्तीचा माणूस ३५ मिनिटं. तरीही शून्य लाजिरवाणाच, ते मी नाकारत नाही. पण कार्डं खेळाडूंनी घेतली, निवड समितीने नाही.

द्राक्षवाला_पिंपळगाव | दुपारी १२:१५

मी रग्बी पहिल्यांदाच बघितली, पोराने जबरदस्ती बसवलं, अंड्यासारखा बॉल आणि पास मागेच करायचा, अर्धा तास तर मला वाटलं हे भांडताहेत. पण तुमचा वाद वाचून आमचंच आठवलं. आम्ही छाटणी ऑक्टोबरला घेतो. सटाण्याकडे अर्ली घेतात, पावसाळ्यातच, का तर माल बाजारात आधी जातो आणि भाव दुप्पट मिळतो. फुलोऱ्यात पाऊस लागला तर घड कुजून जातात, सगळा खर्च मातीत. आता ज्या वर्षी पाऊस उघडतो त्या वर्षी अर्लीवाला हुशार, त्याच्या बंगल्याचा स्लॅब पडतो, आणि ज्या वर्षी लागतो त्या वर्षी तोच मूर्ख. माणूस तोच, छाटणी तीच. पण एक सांगतो, अर्लीवाला प्लास्टिकचं आच्छादन टाकून ठेवतो, परवडेल तेवढं तरी. नुसता आभाळाकडे बघत नाही बसत. यांनी आच्छादन काय टाकलं होतं? तो लिबॉक का कोण, किक मारणारा दुसरा, तो बेंचवर होता का?

सातपूर_थर्डशिफ्ट | दुपारी १२:४०

नव्हता दादा! लिबॉक २३ मध्येच नव्हता. पोलार्ड पडला असता तर सगळा भार ला रूवर, एकाच माणसाने किती जागा झाकायच्या. हेच तर सकाळपासून बोंबलतोय. तुम्ही एका छाटणीत सांगितलं आणि मी तीन पॅरा घालवले.

सर, १७ मिनिटांचा हिशेब मी केला नव्हता, तो मान्य. पोलार्डचं पण मान्य करतो, पंचवटीवाल्या नाचू नको, सेमी त्याच्याविना हातची गेली असती आणि काल बाराच्या बारा पॉइंट त्याचे. पण सात-एक नाही पटलं ते नाहीच.

पंचवटीकर | दुपारी १:०५

मग तू सात-एकला शिव्या कशाला देतोस? तुझी दुखणी मोज. बदली हूकर नाही, तो प्रश्न ३३ च्या स्क्वॉडचा, फायनलच्या बेंचचा नाही, नसलेला माणूस बेंचवर कुठून आणणार. फाफचा पाय मुरगळला नाही. म्हणजे काल जे दुखणं खरंच झालं ते फॉरवर्डमध्ये झालं, तिसऱ्या मिनिटाला, आणि बेंचवर सात फॉरवर्ड होते म्हणून फूरी लवकर खर्च झाला तरी मागे सहा शिल्लक राहिले. नेहमीचे पाचच असते तर चार उरले असते, पावसात, ७७ मिनिटं बाकी असताना. बोल.

सातपूर_थर्डशिफ्ट | दुपारी १:२२

...हे मी या बाजूने बघितलं नव्हतं. तरी तो नशिबाचाच भाग, म्बोनांबीऐवजी फाफच्या पायावर पडला असता कोणी तर तू आज गप्प असतास.

कॉलेजरोड_काकू | दुपारी १:३०

फ्रिझेल पडला आमचा, कार्ड आम्हाला, आणि त्यातून तुमचा बेंच बरोबर ठरला, छान. काल ग्रहण नक्की कोणाच्या राशीला होतं ते कळलं. अरे पण सातपूर, ते दूध शेवटी प्यायलास की नाही?

सातपूर_थर्डशिफ्ट | दुपारी १:३८

काकू, इकडे शिट्टी वाजली आणि तिकडे ग्रहण सुटलं, पाच-दहा मिनिटांचा फरक असेल. आईला उठवलं, तिने आधी अंघोळ करायला लावली, अडीचला बर्फासारखं गार पाणी. तोपर्यंत दुधावर ही जाड साय. चला, दोनला लखनौची मॅच आहे, इंग्लंडविरुद्ध, बाकीचं भांडण रात्री.